गोलाईचा दर

१९३०-४०च्या दशकांत मुंबईत ज्यांनी इमारती उभ्या केल्या, त्यांना काटकोनाचं वावडं असावं. सिमेंट-काँक्रीट हाताशी आलं होतं, ते साच्यात ओतलं की हवं तसं वळत होतं, मग सरळ भिंत बांधतो कोण? मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मान मिळाला. त्याच घराण्यातल्या, पण यादीत नसलेल्या इमारती दादर-माटुंग्यातही आहेत. रस्त्यावरून जाणारा त्यांची गोलाई बघून हरखतो. आत राहणाऱ्याला मात्र कपाट कुठे टेकवायचं हा प्रश्न पडलेला असतो.

आमच्या दादरच्या घरातल्या हॉलची रस्त्याकडची भिंत अशीच, कोपऱ्यावरच्या वळणाबरोबर वळलेली. जुन्या मोझॅकला तिचा कधी त्रास झाला नाही. तो माल ओलाच ओतायचा आणि जागेवर घासायचा. भिंत जाईल तिकडे जमीनही निमूट जायची. आता तिथे लॅमिनेट बसवायचं ठरलं. त्याचं तसं नाही. आत लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, त्यावर सागवानाचा फोटो आणि फोटोवर मेलामाइनचं पारदर्शक चिलखत. चार फूट लांब, आठ इंच रुंद, आठ मिलिमीटर जाड आणि स्वभावाने सरळसोट. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार स्वीडनमध्ये जन्मला. दादरची भिंत तिथल्या लोकांनी पाहिली नसणार.

हॉलभर फळ्या खटाखट एकमेकींत अडकत गेल्या. गोल भिंतीपाशी आल्यावर मिस्त्रीने टेप खिशात टाकला आणि कंपास काढला. शाळेतल्या कंपासपेटीत असतो तोच, पेन्सिल अडकवलेला. फळी भिंतीला टेकवून ठेवली. कंपासचं टोक भिंतीला, पेन्सिल फळीवर, आणि मग एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“गोल फिरवायचा नाही काका, नुसता न्यायचा. हात वाकडा झाला की रेघ खोटी.”

रेघ उमटली ती भूमितीच्या पुस्तकातली नव्हतीच. लांबी भरलेला खड्डा, प्लास्टरचं टेंगूळ, जुन्या मालकाने कधीतरी बुजवलेलं भोक, सगळं फळीवर तंतोतंत उतरलं. ही भिंत मोजायला गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती, आणि आकडे जुळलेच नसते. तिला हात न लावता, ठरावीक अंतर राखून तिच्या कडेकडेने चालत गेलं की ती आपण होऊन आपला आकार सांगते. काही नातेवाइकांच्या बाबतीत हे मला फार उशिरा कळलं.

पुढचं काम जिगसॉचं. त्याचं पातं वर येताना कापतं, म्हणून फोटोवाल्या बाजूचे टवके उडतात. फळी उलटी करून कापावी तर डावं-उजवं बदलतं आणि भिंतीचं टेंगूळ भलत्याच टोकाला जातं. मिस्त्रीने रेघेवर चिकटपट्टी लावली, बारीक दातांचं पातं चढवलं आणि सावकाश कापलं. फळी भिंतीपाशी सरकवली. इतकी नक्षी करूनही मध्ये आठ-दहा मिलिमीटरची फट!

“एवढं कोरलंत आणि शेवटी फट ठेवलीत?” सौ. म्हणाली.

“ठेवावीच लागते काकू. पावसाळ्यात फळ्या फुगतात. भिंतीला चिकटवल्या तर मध्येच उठतील, चालताना टकटक वाजतील.”

ही जमीन खाली कशालाच चिकटवलेली नसते. पातळ फोमवर नुसती पसरलेली असते, आणि तिला चारी बाजूंनी हलायला मोकळीक लागते. ती मोकळीक झाकणं हे स्कर्टिंगचं काम. सरळ पट्टी गोल भिंतीला बसवायची तर तिच्या पाठीवर थोड्या थोड्या अंतरावर उभे काप घ्यायचे, दर्शनी बाजू दोन-तीन मिलिमीटर राखायची. मग पट्टी हलक्या हाताने वाकते, पाठीवरचे काप किंचित उघडतात आणि पुढून काही कळत नाही. ती ठोकायची भिंतीत, फळीत नाही, म्हणजे फळीला तिच्याखालून ये-जा करता येते.

काम झालं आणि बिलावर गाडी आली. सरळ भागाचा हिशेब स्क्वेअर फुटावर, चोख. गोलाईचा दर मात्र आधी विचारला तेव्हा “बघून सांगतो” एवढाच होता. आता बघून झालं होतं आणि आकडा बराच गोल आला होता. सौ.ने कोपऱ्यातल्या चंद्रकोरी तुकड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

“माल आमचा, हे सगळं वाया गेलेलंही आमचंच. मग जास्तीचे पैसे कसले?”

“ह्यांचेच, काकू,” मिस्त्री म्हणाला. “बसवायला काय, कुणीही बसवेल. काय काढायचं, त्याचे पैसे.”

तिने मुकाट्याने पर्स उघडली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.