राजमान्य राजेश्री पोर्शन यांसी

रा. रा. पोर्शन (इयत्ता सातवी, सर्व विषय), मु. दप्तर, अंबरपेठ, हैदराबाद यांसी दंडवत. विनंती विशेष.

आपण याही वेळी परीक्षेआधी ‘कव्हर’ झालात, याबद्दल समस्त पालकवर्गातर्फे अभिनंदन. आता एक किरकोळ तक्रार.

विज्ञानाचा पेपर तपासून घरी आला. ‘सांडपाणी कुठे शुद्ध होते?’ या प्रश्नाला इथल्या एका मराठी मुलीने लिहिले होते: आमच्या अंबरपेठेत, मुसी नदीच्या काठी. मार्क शून्य. आन्सर-कीमध्ये ‘वेस्टवॉटर ट्रीटमेंट प्लांट’ होते, अंबरपेठ नव्हते. पेरेंट्स मीटिंगला आईने विचारले, तर मॅडम म्हणाल्या, की बाहेरचे उत्तर चालत नाही.

पोर्शनराव, अंबरपेठचा हा प्लांट दिवसाला 33 कोटी 90 लाख लिटर मैलापाणी घेण्याच्या क्षमतेचा आहे. वारा फिरला की पत्ता विचारावा लागत नाही. मुलीला बार स्क्रीन, ग्रिट चेंबर, आकृतीतले सगळे चौकोन आणि बाण तोंडपाठ आहेत. इथे मैलापाणी टाकीच्या तळातून गाळाच्या थरामधून वर चढवतात आणि हवेविना जगणारे जिवाणू त्यातली घाण खाऊन गॅस सोडतात, हे मात्र तिला कोणी दाखवले नाही. शाळेची सहल वॉटर पार्कला जाते. तेही पाणीच म्हणा!

गणितात शेकडेवारी झाली. इथला बतुकम्मा कुंटा हा तलाव सुमारे 14 एकरांचा होता, बुजत बुजत पाचेक एकर उरला. 2025मध्ये हैड्रा या सरकारी यंत्रणेने तो उकरून पुन्हा भरला. किती टक्के तळे गिळले गेले, हे गणित कोणत्याच गाइडात नाही. तिथे अजून ‘एका व्यापाऱ्याने’ पेनेच विकली आहेत.

इतिहासाचे तर विचारूच नका. 28 सप्टेंबर 1908च्या मुसीच्या पुरात सुमारे 15 हजार माणसे गेली. नंतर इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि 1920च्या दशकात उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणे शहराच्या वर उभी राहिली. 2025च्या सप्टेंबरात त्याच मुसीचे पाणी एमजीबीएस बसस्टँडात शिरले. सातवीला पानिपताच्या तारखा पाठ आहेत. घराशेजारच्या नदीची एकही नाही.

भाषांबद्दल एकच ओळ: 2018च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची झाली, ती यायलाच हवी, पण 1907मध्ये विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिलेल्या या शहरात ही मुलगी मराठी वाचते ती आजीच्या कॅलेंडरवरून.

हे सगळे एक वेळ सोडा. पण पोरीने डोळ्यांनी पाहिलेले, नाकाने हुंगलेले खरे उत्तर लिहावे आणि तुम्ही त्यावर लाल रेघ ओढावी, हा कुठला न्याय? पुढच्या पेपरात ती अंबरपेठ लिहिणार नाही. हेच शिकवायचे होते ना?

तुमचीही दया येते म्हणा. जूनपासून कोणीतरी तुम्हाला मागून हाकत असते. पावसाच्या सुट्ट्या लागल्या तरी एफए आणि एसए परीक्षांच्या तारखा हलत नाहीत. त्या मॅडमच्या टेबलावर चार तुकड्यांच्या वह्यांची चळत होती आणि बोलताना त्यांचा हात तपासायचे थांबत नव्हता. प्लांट बघायला त्यांनी जावे तरी कधी?

मार्क परत नकोत. येत्या शनिवारी मुलगी शाळेत येणार नाही. बाबा तिला घेऊन प्लांटच्या गेटवर आत जायची परवानगी मागणार आहेत. रजेच्या अर्जात कारण ‘विज्ञान’ असे लिहिले आहे. हजेरी लावायची की नाही, ते आपण कीमध्ये बघून ठरवावे.

कळावे, लोभ असावा.