रिबीन घरीच रंगवण्याची शास्त्रोक्त पद्धत

महालक्ष्म्या तोंडावर आल्या की आमच्या वहिनींना बाजारातल्या सगळ्या रिबिनी भडक दिसू लागतात. मखराला 'जरा वेगळा' रंग हवा असतो, आणि तो घरीच करायचा असतो. जालना जिल्ह्यात अशा वहिनी आणखीही असतील. त्यांच्या दिरांच्या सोयीसाठी ही नियमावली.

नियम १. आधी रिबिनीची जात ओळखावी. एक धागा काढून चिमट्याने ज्योतीवर धरावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. दुकानात 'सॅटिन' म्हणून मिळते ती बहुधा ही गोळीवालीच. तिला हळद-बीट काही लागत नाही. कारखान्यात तिच्यावर १३० अंशांना, दाबाखाली रंग चढवतात. हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "मग कुकर आहे की, भावजी." कुकर १२० च्या आसपास थांबतो, हे सांगायच्या फंदात पडू नये. सुती फीत आणून द्यावी. त्याच कुकरात रात्रीचं वरण व्हायचं असतं.

नियम २. पाणी. जालना शहराला पाणी घाणेवाडीच्या तलावातून आणि पैठणकडून जायकवाडीचं येतं, पण ते आपल्या नळाला येण्याचा दिवस आणि वहिनींचा मुहूर्त यांची गाठ पडेल तर शपथ. उरतं बोअरचं. ते जड, साबणाला फेस नाही आणि रंग मळकट. त्यापेक्षा भाद्रपदातला पाऊस बरा. गच्चीवरून येणारं पहिलं पाणी सोडून द्यावं, पुढचं बादलीत धरावं. बादली कुणी धरायची, याबद्दल शास्त्रात दुमत नाही.

नियम ३. नव्या फितीला खळ असते. धुण्याच्या सोड्यात उकळून ती काढावी, नाहीतर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो.

नियम ४. तुरटी विसरू नये. १०० ग्रॅम सुताला १५ ते २० ग्रॅम, गरम पाण्यात विरघळवून. वहिनी 'अंदाजे' टाकतात. त्यांचा अंदाज स्वयंपाकात कधी चुकला नाही, म्हणून बोलता येत नाही.

नियम ५. रंग कशाचा? बिटाचा नको, पातेल्यात राणीसारखा दिसतो, धुतला की राज्य सोडून जातो. हळद सुरेख चढते, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. पळसाची फुलं शिमग्याला वेचून सावलीत वाळवलेली असतील तर केशरी-पिवळा मिळतो. डाळिंबाची साल उकळली तर पिवळा, आणि त्यात गंजलेल्या लोखंडाचं पाणी घातलं तर काळपट हिरवा. सळयांच्या या गावात गंज विकत घ्यावा लागत नाही, एवढी तरी सोय आहे.

नियम ६. दूध तापवायचं पातेलं वापरू नये. (हा नियम आईने घातला आहे, आवाज चढवून.)

नियम ७. ओल्या रंगावर मत देऊ नये. वाळल्यावर तो फिका होतो. वाळवायचं सावलीत. "छान झालाय" एवढंच म्हणावं, आणि लवकर म्हणावं.

नियम ८. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी "रिबीन कुठून आणली हो?" असं विचारलं की वरच्या सगळ्या कुरकुरी रद्द समजाव्यात. वहिनी सहज म्हणतात, "घरीच केली." अशा वेळी दिराने काहीतरी न्यायच्या निमित्ताने मखरापाशी घुटमळावं. पळसाची फुलं कुणी वेचली, असंही कुणी विचारू शकतं.