सुटे पैसे देऊन सहकार्य केल्याबाबत

प्रति,
मा. आयुक्त साहेब,
आमची महानगरपालिका,
तिसरा मजला (लिफ्ट बंद आहे).

विषय : आपल्या सूचनेचे तंतोतंत पालन केल्याबाबत.
संदर्भ : कर भरणा केंद्र, खिडकी क्र. ४ वरील फलक, ‘सुटे पैसे देऊन सहकार्य करावे’.

महोदय,

गेली अठरा वर्षं मी आपल्या हद्दीत राहतो आणि गेली अठरा वर्षं हा फलक वाचतो. त्यातला ‘र्य’ केव्हाच उडून गेला. आता नुसतं ‘सहका करावे’ उरलंय, पण अर्थ पोचतो. यंदा मनात आलं, एवढी मोठी संस्था इतकी वर्षं आपल्याकडे एकच गोष्ट मागतेय आणि आपण दर वेळी तिच्या पुढ्यात चेक सरकवतो, हे काही बरं नाही. म्हणून या वर्षीची घरपट्टी, रुपये ९,३६४ फक्त, एकेक रुपयाच्या नाण्यांत भरायचं ठरवलं.

यात निषेध वगैरे काही नाही, हे आधीच नमूद करतो. हिशेब साधा आहे. आपण सेवा सुट्यात देता, मी मोबदला सुट्यात देतो. नळाला एक दिवसाआड पहाटे चाळीस मिनिटं पाणी येतं आणि त्यातली पहिली दहा मिनिटं नळ नुसताच खाकरतो. रस्ता आपण ठिगळाठिगळानं देता. गल्लीतले दिवे एकाआड एक लागतात, तेही बहुतेक दुपारी. हे सगळं हप्त्याहप्त्यानं घेऊन मी मात्र रक्कम एकगठ्ठा मोजायची, हे व्यवहाराला धरून नाही.

बिल मी नीट वाचलं आहे. सर्वसाधारण कर, सफाई कर, जललाभ कर, मलप्रवाह कर, अग्निशमन कर, शिक्षण कर, वृक्षकर. वाचताना आपण एखाद्या राजधानीत राहतो असं वाटतं. आमच्या दारासमोर एक गुलमोहर होता. रस्ता रुंद करायचा म्हणून आपण तो कापलात. रस्ता रुंद झाला नाही, बुंधा तेवढा राहिला. त्यावर आता इस्त्रीवाला कोळशाची पिशवी ठेवतो. वृक्षकर मात्र चालू आहे, बहुधा झाडाच्या वर्षश्राद्धासाठी.

आता कायद्याचं. आपण कायद्याने चालता, तेव्हा मीही २०११ चा नाणे कायदा उघडून बसलो. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलंय, की एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन म्हणून चालतात. पन्नास पैशांची तर फक्त दहा रुपयांपर्यंत. म्हणजे सरकारने माझ्या रागाला हजार रुपयांची कमाल मर्यादा घालून दिली आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका गृहस्थाने गाड्यांवरचा कर असाच नाण्यांत भरला होता. पाच हातगाड्या भरून सुमारे तीन लाख नाणी नेली. भांडण कराच्या रकमेवरून नव्हतंच. सरकारी कार्यालयांचे थेट फोन नंबर मागितले तर देईनात, एवढ्यावरून ते पेटलं होतं. वाचून मला परक्या मुलखात मामेभाऊ भेटल्यासारखं झालं. पण तिथे नाण्यांना अशी मर्यादा नाही. आपल्याकडे संतापसुद्धा हप्त्यानेच व्यक्त करावा लागतो. ९,३६४ म्हणजे दहा खेपा. गणपतीसुद्धा दहाच दिवस असतात, म्हणून हरकत घेतली नाही.

नाणी ओळखीच्या एका देवस्थानच्या दानपेटीतून मिळाली. पुजारीबुवांना नोटा दिल्या, त्यांनी पोतं दिलं. वर ‘अजून लागली तर सांगा’ असा आशीर्वादही दिला. चिल्लर घेऊन बँकेत गेलं की तिथले लोक चहाला उठतात, असं ते म्हणाले. वास्तविक रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय, की एक-दोन रुपयांची नाणी वजनावर घेणं बरं, किंवा शंभर-शंभरच्या प्लास्टिकच्या पिशव्या करून घेणं सोयीचं. मला ही कल्पना आवडली. आपल्या कर्मचाऱ्यांना त्रास नको, म्हणून शंभराच्या पिशव्या करायचं ठरवलं.

त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर टांकसाळ अवतरली. नाण्यावरच्या सालाखाली छोटा हिरा असेल तर ते मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं, हे मी पत्नीला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, “सत्याग्रह तुमचा आणि पिशव्या मी भरतेय, हे कुठल्या टांकसाळीचं?” मोजत बसण्यापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. रुपयाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं, म्हणजे शंभर नाण्यांची पिशवी ३७९ ग्रॅमची. दहा पिशव्यांचं वजन भरलं तीन किलो सातशे नव्वद. किलोवर घरपट्टी भरणारा आपल्या हद्दीतला मी बहुधा पहिलाच.

आणखी एक. २०१८ साली माहिती अधिकारात टांकसाळीने दिलेल्या उत्तरानुसार रुपयाचं एक नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागतात. त्या हिशेबाने ९,३६४ रुपयांपोटी मी आपल्याला दहा हजारांहून जास्त खर्चाचा ऐवज देणार होतो. वरची रक्कम परत नको. थकबाकीदारांना आपण अभय योजनेत शास्ती माफ करता, तसं मी आपल्याला अभय दिलं आहे. तसंही जे भरत नाहीत त्यांच्या दारात महापालिका बँड लावतात, आणि जे वेळेवर भरतात त्यांच्या दारात कुणी पिपाणीही वाजवत नाही. तेव्हा आवाज आपणच करावा, असं मी ठरवलं. नाणी चांगली वाजतात.

आणि साहेब, प्रत्येक पिशवीत मी एकेक चिठ्ठी टाकली. हीच खरी गोष्ट. आपल्या ॲपवर मी आजवर पाच तक्रारी केल्या. पाचही वेळा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज आला. खड्ड्याच्या तक्रारीचं निराकरण तर रात्री पावणेदोनला झालं. त्या वेळी खड्ड्याजवळ एकटं कुत्रं होतं आणि ते साक्ष द्यायला तयार नाही. आपल्या इमारतीत माणूस बसलेली, वेळेवर उघडणारी, समोरच्याला ‘पुढे या’ म्हणणारी जागा मला एकच दिसली, ती म्हणजे पैसे घ्यायची खिडकी. म्हणून तक्रार पैशांत घालून पाठवली. एका पिशवीत पाणी, एकीत दिवे, एकीत गुलमोहर, एकीत ड्रेनेजचं तुटकं झाकण. दहा पिशव्या, दहा चिठ्ठ्या.

पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला खिडकी क्र. ४ पुढे उभा राहिलो. खिडकीत एक बाई होत्या. अंगठ्याला रबराची टोपी, शेजारी डबीत ओला स्पंज, कॉम्प्युटरला हळदीकुंकू. मी पिशव्या मांडल्या आणि तयारीने आणलेलं वाक्य म्हणालो, “फलकाप्रमाणे सहकार्य करतोय.” त्यांनी वर पाहिलंही नाही. पहिली पिशवी फोडली, नाणी काउंटरवर ओतली आणि वीस-वीसच्या चळती लावायला घेतल्या. मी वजनाचं सांगू लागलो. “मोजूनच घ्यावं लागतं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या पिशवीच्या वेळी मागे कुजबुज सुरू झाली. चौथीला कुणीतरी म्हणालं, “एवढ्याची भेळ खाल्ली असती तर सगळ्यांचा वेळ वाचला असता.” माझ्या मागे एक आजोबा होते. बिलाची घडी शर्टाच्या खिशात, हातात छत्री. सवलतीचा शेवटचा आठवडा म्हणून रिक्षाने आले होते आणि रिक्षा खाली थांबवून ठेवली होती. ते चिडले नाहीत. मधूनमधून जिन्याकडे पाहत होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, “बाई, अजून किती?” त्या मोजत्या चळतीचा आकडा सांगत. मी खिडकीच्या गजाकडे बघत उभा होतो. आजोबांचं रिक्षाचं मीटर चालू होतं, आणि ते मी चालू ठेवलं होतं.

पावणेबाराला बाई म्हणाल्या, “दोन कमी आहेत.”

अशक्य, मी म्हणालो. त्यांनी एक चळत माझ्याकडे सरकवली. मधेच एक नाणं कडेने बाहेर आलेलं, बाकीच्यांहून रुंद. “ही जुनी. जड असतात. सात निघाली यात. काट्यावर केलंत ना?” जुनं नाणं ४.८५ ग्रॅमचं. सात जड नाण्यांनी मिळून दोन हलक्यांची जागा खाल्ली होती. महापालिकेला पै-पैचा हिशेब शिकवायला निघालेला मी ९९८ रुपये घेऊन उभा होतो. खिसे चाचपले, एक नाणं निघेना. सगळी घरी पोत्यात. शेवटी खिडकीला चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून मी महापालिकेला ऑनलाइन दोन रुपये भरले. मागे कुणीतरी टाळी वाजवली.

मराठीत चिल्लरीला खुर्दा म्हणतात आणि फौजेची दाणादाण झाली तरी खुर्दा उडाला म्हणतात. त्या दिवशी दोन्ही अर्थ एकाच काउंटरवर पाहिले.

पावती देताना बाईंनी पहिल्यांदा तोंड वर केलं. “उद्या आणताय का? आणा. सुट्यांची फार अडचण असते.” आणि माझ्याच चळतीतले सहा रुपये उचलून आजोबांना परत दिले. आपल्या यंत्रणेचं मला कौतुक वाटलं, साहेब. विरोध करायला जावं, तर तो सेवा म्हणून जमा होतो.

मग त्यांनी टेबलावरून काहीतरी गोळा केलं, टाचणी लावली आणि गजातून बाहेर दिलं. माझ्या दहा चिठ्ठ्या.

“हे इथे जमा होत नाही,” बाई म्हणाल्या.

मी त्या घेऊन आवक-जावक विभागात गेलो. तिथे सांगितलं, तक्रार ॲपवरच करा.

उरलेले ८,३६४ रुपये त्याच रात्री फोनवरून भरले. मिनिटभरसुद्धा लागलं नाही आणि कुणाची रिक्षा खोळंबली नाही. नाण्यांचं पोतं कोपऱ्यावरच्या वाण्याने नोटा देऊन घेतलं. आता तो सुट्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवत नाही. माझ्या आंदोलनातून शहराचं झालेलं भलं ते एवढंच. माझा नेम चुकला होता. नाणी मी आपल्या दिशेने फेकली, पण ती पहिल्या मजल्याच्या वर जात नाहीत. पडली ती एका बाईंच्या अंगठ्यावर आणि एका आजोबांच्या मीटरवर.

म्हणून हे पत्र जिन्याने पाठवतो आहे. आपल्याकडून फार काही मागणं नाही. खिडकी क्र. ४ च्या शेजारी खिडकी क्र. ५ आहे, ती बंद असते. ती उघडावी. तिथे एक माणूस बसवावा. अंगठ्याला रबराची टोपी असलेला, समोर आलेलं मोजूनच घेणारा, आणि ‘दोन कमी आहेत’ असं तोंडावर सांगणारा.

कळावे.

आपला वेळेवर भरणारा,
एक करदाता

सोबत : चिठ्ठ्या १०. (नाणी आपल्याकडे जमा आहेतच.)