आगाऊ मामा

उद्या सहामाहीचा गणिताचा पेपर असतो. भाची लसावि-मसाविशी झटत असते, तिची आई एका हाताने आमटी ढवळत दुसऱ्या हाताने पहारा करत असते, आणि नेमका तेव्हाच मामा दारात उभा राहतो. हातात कापडी पिशवी, पिशवी पाठीमागे, आणि चेहऱ्यावर ‘माझ्याकडे काही नाही बरं का’ असा भाव. हा भाव ओळखायला पोराला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. दिवाळीला अजून अडीच आठवडे असतात.

“सहज आलो होतो,” मामा म्हणतो.

“भाऊबीजेला दे हं ते,” ताई मागे न वळता सांगते.

“भाऊबीजेचं वेगळं आणणारच आहे गं. हे आपलं असंच.”

असा मामा बहुतेक कुटुंबांत एक तरी असतोच. कुठे तो काकाच्या रूपात वावरतो, कुठे आजोबांच्या. पण अस्सल वाण मामाचा. नोकरी बहुधा सरकारी. तिचा इथे संबंध आहे, कारण सणासुदीला राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना सण अग्रिम देतं आणि मग तो पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेतं. या व्यवहाराचा मामाने फक्त पूर्वार्ध आत्मसात केला आहे.

त्याला घाई खरेदीची नसते. दसऱ्याची खरेदी दसऱ्याआधी करणारे शहाणे लोक पुष्कळ आहेत, ते वस्तू आणून कपाटात ठेवतात आणि झोपतात. मामाचा जीव अडकतो तो आणणं आणि देणं यांच्या मधल्या दिवसांत. रिमोटवर पळणारी गाडी तो माळ्यावर लपवतो आणि जेवण झालं की ‘पावसाचं पाणी झिरपतंय का बघतो’ म्हणून शिडी लावतो. ऑक्टोबरच्या उन्हात झिरपणारं पाणी मामी मुकाट्याने ऐकून घेते. रात्री साडेअकराला बैठकीच्या खोलीतून घरघर ऐकू येते, ती गाडी सोफ्याखाली अडकल्याची असते.

फटाक्यांच्या बाबतीत तर त्याच्याकडे शास्त्रीय कारण तयार असतं. “सादळलेत का ते बघायला हवं.” मग फटाके गच्चीवर उन्हात पसरले जातात, आणि वाळले की नाही हे कळायला एक भुईचक्र लावावंच लागतं. भुईचक्र चाललं म्हणजे झाड चालेल असं नाही, म्हणून एक झाड. झाडं तर एकाच पेटीतलीही सारखी नसतात, म्हणून आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाके उडवायला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली, तेव्हा मामाने ती लगेच मान्य केली. तो बरोबर आठ ते दहाच उडवतो. तारखेबद्दल मात्र त्याचं मत वेगळं आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे पेटीत उरतात ते नागगोळ्यांचे दोन डबे आणि ‘बघा, एकही सादळला नव्हता’ हे समाधान.

किल्ल्याची कथा याहून करुण. कुंभारवाड्यातून मामा मावळे आणतो तेव्हा किल्ल्याची मातीसुद्धा आलेली नसते. गड नाही म्हणून मावळे आठ-दहा दिवस फ्रिजवर, टीव्हीवर आणि शेवटी पलंगाखाली मुक्काम करतात. प्रत्यक्ष गड उभा राहीपर्यंत तुतारीवाल्याचा हात गेलेला असतो, तोफेचं एक चाक गेलेलं असतं आणि महाराजांच्या सिंहासनाला फेव्हिकॉल लागलेला असतो. शिवाय अळीव. ते पेरलं की दोन-तीन दिवसांत उगवतं, आठवड्याभरात गड हिरवागार होतो. दिवाळीच्या आधी चार-पाच दिवस ते पेरावं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामा मात्र आला त्या दिवशीच ताटलीत ‘नमुना’ पेरतो. वसुबारसेला तो नमुना पिवळा पडून आडवा झालेला असतो आणि ताई विचारते, “गडावर दुष्काळ जाहीर करायचा का?”

नवे कपडे दिवाळीआधी घालायचे नाहीत, या बाबतीत मी ताईच्या बाजूने आहे. उटणं, अभ्यंग, पायाखाली कारीट, आणि मग नवा फ्रॉक, हा क्रम मोडला की त्या पहाटेच्या थंडीत कुडकुडण्याला अर्थ उरत नाही. दिवाळी अंकांच्या बाबतीत मात्र मामाला दोष देववत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाची वाचनाची दिवाळी वेगळी झाली, आणि पुष्कळसे अंक पणत्यांच्या आधीच घरी पोहोचतात. म्हणजे संपादकही मामाच्याच जातीचे. फक्त ‘किशोर’चा अंक भाचीच्या हाती पडतो तेव्हा त्यातलं शब्दकोडं पेन्सिलने अर्धं सोडवलेलं असतं, आणि त्यातही दोन उत्तरं चुकलेली.

अशा माणसाला जगात एकच शत्रू: अधिक महिना. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं. मामाने ते पक्कं लक्षात ठेवलं. पुढच्या वर्षी श्रावण अधिक आला आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. मामाने गेल्या वर्षीच्या आठवणीवर पिशवी भरली होती. तिकडे भिंतीवरचं कालनिर्णय महिनाभर आधीच ओरडून सांगत होतं, पण मामा पान उलटतो ते सुट्ट्या बघायला. त्या वर्षी भाचरांना दिवाळीचे तीन हप्ते मिळाले: मामाची दिवाळी, मामाला चूक कळल्यावर ‘आता खऱ्या दिवाळीपर्यंत काय करणार बिचारी’ म्हणून आणलेली मधली, आणि पंचांगातली. ताईच्या मते हा अधिक महिना नव्हता, अधिक मामा होता.

भाऊबीजेला अर्थातच तो रिकाम्या हाताने येऊ शकत नाही. आणलेलं सगळं देऊन झालेलं असतं, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी तो शटरपाशी हजर. दुकानदार ओळखीचा असतो. तो काही विचारत नाही, नुसतं गल्ल्याकडे बघून हसतो.

पण यंदा भाची दहा वर्षांची झाली आहे आणि तिने मामावर तोड काढली आहे. पिशवी आली, खोकं बाहेर निघालं. तिने थँक्यू म्हटलं, खोकं उचललं आणि सरळ आईच्या कपाटावर ठेवून दिलं. “भाऊबीजेला उघडीन.”

मामा बसल्या जागी ताठ झाला. “अगं, तुझंच आहे.”

“हो ना. म्हणूनच.”

तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी येतो. चहा घेतो. कपाटाकडे बघतो. काल त्याने खुर्चीवर चढून खोकं कानाशी हलवूनही पाहिलं, जणू आत काय आहे हे त्याला माहीतच नाही.

“निदान सेल तरी घालून बघू या,” तो म्हणाला. “चालत नसेल तर बदलून आणावं लागेल. दिवाळीत दुकानात गर्दी असते.”

“मामा,” वहीतून डोकं वर न काढता भाची म्हणाली, “कागदावर एकावर एक तीन चिकटपट्ट्या आहेत. चालतंय ते.”