स्कीमा नको, श्रद्धा हवी

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडले आणि प्रत्येक माहिती एकाच जागी ठेवायची कटकट सगळ्यांच्या मागे लावून दिली. २००९ साली मोंगोडीबी आला आणि सुटका झाली. कॉलम आधी ठरवायला नकोत. एकाच कलेक्शनमधल्या डॉक्युमेंटांनी आपापल्या मर्जीने जगावे. तरी काही कजाग मंडळी विचारतातच, की कोणती माहिती एकत्र वाचली जाणार, काय आत ठेवायचे, कशाचा नुसता आयडी ठेवायचा? विचार काय, रिलीज झाल्यावरही करता येतो.

सर्वांत सोपे म्हणजे ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्येच त्याच्या जन्मभराच्या ऑर्डरी कोंबाव्यात. एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे खरी, पण तिथवर पोचेल तो आपला सर्वांत निष्ठावान ग्राहक. त्याचीच पुढची ऑर्डर डेटाबेस नाकारतो. एवढा मान दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळतो?

विक्रेत्याचा फोन नंबर मात्र प्रत्येक ऑर्डरमध्ये उतरवावा. नंबर बदलला की काही ठिकाणी बदलेल, बाकी ठिकाणी जुनाच वाजत राहील. (ऑर्डरच्या दिवशीची किंमत खरोखरच उतरवून ठेवायची असते. म्हणूनच ती तेवढी मूळ प्रॉडक्टमधून आणावी. गेल्या दिवाळीचे बिलसुद्धा आजच्या भावाने दिसते.)

खरी बहार प्रकारांत आहे. एकाने किंमत आकडा म्हणून साठवली, दुसऱ्याने अवतरणचिन्हांत घालून. मग ५०० रुपयांच्या आतले काय आहे, असे विचारले की अवतरणातले ४५० यादीत येतच नाही. एरर नाही, आरडाओरडा नाही. माल गोदामात सुखरूप पडून राहतो आणि मार्केटिंगवाले मागणी का घटली यावर मीटिंग घेतात.

दुःख एवढेच, की घरच्यांनीच दगा दिला. २०१५ च्या अखेरीस ३.२ आवृत्तीत जॉइनसारखे लुकअप आले, सोबत व्हॅलिडेशन. २०१८ मध्ये ४.० आवृत्तीत अनेक डॉक्युमेंटांचे ट्रान्झॅक्शन. ज्यांच्यापासून पळून इथे आलो, ते सगळे पत्ता काढत आले. व्हॅलिडेशन निदान आपणहून लागू होत नाही, नियम लिहून द्यावे लागतात. तेव्हा देऊ नयेत.

परवा टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारले, की या कलेक्शनची रचना कुठे लिहून ठेवली आहे? तिला सांगितले, ज्याला ती तोंडपाठ आहे तो नोटीस पिरियडवर आहे. शुक्रवारपर्यंत काय ते विचारून घे.