बिनतिकिटाचे प्रेक्षक

विमानं बघत बसणाऱ्यांमध्ये तीन पंथ आहेत आणि तिन्ही पंथ एकमेकांकडे थोड्या कणवेने बघतात. पहिला पंथ आकडेवाल्यांचा. विमानाच्या अंगावर रंगवलेला नोंदणी क्रमांक ते दुर्बिणीतून वाचतात, वहीत टिपतात आणि घरी जाऊन जुन्या वह्यांशी ताडून बघतात. दुसरा पंथ उतरणारी विमानं बघणाऱ्यांचा. तिसरा टेक-ऑफवाल्यांचा. मी या तिसऱ्यातला. त्यामुळे पुढचं सगळं पक्षपाती आहे, हे वाचकांनी गृहीत धरावं.

आकडेवाल्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांनी या छंदापायी तुरुंगवास भोगलाय. नोव्हेंबर २००१मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या हवाई तळावर विमानांचं प्रदर्शन बघायला गेलेल्या १२ ब्रिटिश आणि २ डच छांदिष्टांना हेरगिरीच्या आरोपावरून पकडण्यात आलं. धडधाकट प्रौढ माणसं स्वतःचे पैसे खर्चून परदेशात जातात आणि विमानांचे नंबर लिहून आणतात, तेही कशासाठीच नाही, हे तिथल्या यंत्रणेला काही केल्या पटेना. खटला चालला, २००२च्या एप्रिलमध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अपिलात सगळे सुटले. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांना मी दोष देत नाही. ‘कशासाठी?’ या प्रश्नाला ‘असंच’ हे उत्तर कुठल्याच कोर्टात टिकत नाही. घरात तर नाहीच नाही.

उतरणारी विमानं बघणारे सुखी लोक असतात. मुंबईत बहुतेक दिवस विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून उतरतात आणि पश्चिमेला, जुहूच्या समुद्राकडे उडतात. जरीमरीच्या टेकडीवर उभं राहिलं की उतरणारं विमान अंगावर आल्यासारखं येतं, चाकं मोजता येतात, फोटो झकास निघतो. पण उतरणारं विमान फार शहाण्यासारखं वागतं. इंजिनं मंदावलेली, वेग मोजूनमापून उतरवलेला, सगळं आवरतं घेण्याकडे कल. त्यात कौशल्य आहे, मान्य. पण तमाशा नाही.

तमाशा बघायचा तर टेक-ऑफ. तोही भरलेल्या, लांब पल्ल्याच्या विमानाचा. मुंबईहून अमेरिकेला थेट जाणारं बोइंग ७७७ घ्या. त्याची मोठी आवृत्ती ३५१ टनांपर्यंत वजन घेऊन उडू शकते. त्यातला मोठा हिस्सा नुसतं इंधन. दोन इंजिनं, प्रत्येकाचा पंखा सव्वातीन मीटर व्यासाचा, आणि दोन्हींचा जोर मिळून शंभर टनांच्या जरा वर. म्हणजे पूर्ण जोर लावला तरी विमानाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच. उरलेलं काम पंखांनी करायचं आणि पंखांना त्यासाठी वेग हवा. जवळजवळ साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीवर तो कमवायचा असतो. या हिशोबात दर वेळी काहीतरी राहून गेलंय असं मला वाटतं. आणि दर वेळी तो जमतो.

टेक-ऑफचा क्रम ठरलेला आहे. विमान धावपट्टीवर येऊन सरळ होतं. वैमानिक एकदम पूर्ण जोर देत नाहीत. आधी थोडा देऊन दोन्ही इंजिनं सारखी चालली आहेत ना ते बघतात, मग पुढचा. आवाज दोन टप्प्यांत चढतो तो यामुळे. मग धाव सुरू होते आणि कॉकपिटमध्ये ‘व्ही-वन’ असा पुकारा होतो. हा एक वेग आहे, दर उड्डाणाला वजन, हवा, धावपट्टी बघून आधीच काढून ठेवलेला. तोपर्यंत काही बिघडलं तर थांबता येतं. त्यानंतर थांबायचं नाही, उडायचंच, आणि जे काही बिघडलं असेल ते वर जाऊन बघायचं. हा पुकारा झाला की कॅप्टन जोराच्या दांड्यांवरचा हात काढून घेतो, म्हणजे थांबण्याचा मोहच नको. आपल्याकडे लग्न ठरवताना असा आकडा कुणी काढून ठेवत नाही. एखाद्या मामांनी तो योग्य वेळी मोठ्याने पुकारला असता आणि त्यानंतर सगळ्या नातेवाइकांनी आपापले हात काढून घेतले असते, तर बरेच संसार निर्वेध वर गेले असते.

बघण्याइतकंच, किंबहुना जास्तच, हे ऐकण्याचं वेड आहे. जाणकार डोळे मिटून इंजिन ओळखतात. पूर्ण जोरावर पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीपेक्षा जास्त वेगाने फिरतात आणि प्रत्येक पातं एक छोटा धक्का हवेत सोडतं. पाती सगळी एका मापाची असतात, पण अगदी तंतोतंत नव्हे. त्या केसाएवढ्या फरकांतून एक खरखरीत, करवतीसारखी घरघर तयार होते. अभियंतेही तिला करवतीच्याच नावाने ओळखतात. इंजिनाच्या पुढच्या बाजूला ती उत्तम ऐकू येते, म्हणून आमच्यातले जाणते प्रवासी पुढची जागा मागतात आणि सहप्रवाशांचा समज होतो की यांना लवकर उतरायची घाई आहे. एअरबस ए-३२० टर्मिनलहून निघताना तिच्या पोटातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो, तोही आम्हाला प्रिय. दोन हायड्रॉलिक यंत्रणांमधला दाब सारखा करणारी एक मशीन तिथे धापा टाकत असते. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी ‘कुणाचं हो ते बिचारं, खाली सामानात कोंडलंय?’ असं विचारलं की आमच्या ज्ञानाचं चीज होतं.

या वेडातली खरी गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की ज्या आवाजावर आमचा जीव आहे तो नाहीसा करण्यासाठीच जगातली अत्यंत हुशार माणसं पगार घेतात. १९५२ साली जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने दाखवून दिलं की जेटच्या झोताचा वेग दुप्पट झाला तर त्याच्या आवाजाची शक्ती दुप्पट-चौपट नव्हे, २५६ पट वाढते. म्हणजेच वेग थोडा जरी कमी केला तरी आवाज कितीतरी उतरतो. पुढच्या इंजिनांनी हेच केलं. थोडी हवा जोरात फेकण्याऐवजी पुष्कळ हवा सावकाश ढकलायची. इंजिनं लठ्ठ होत गेली, पंखे मोठे झाले, इंधन वाचलं आणि आवाज पडत गेला. बोइंग ७८७च्या इंजिनाची मागची कड तर करवतीच्या दात्यांसारखी कातरली आहे, तीही आवाज मारण्यासाठीच. हल्लीची, नव्या इंजिनांची एअरबसची ‘निओ’ विमानं डोक्यावरून जातात तेव्हा एक दमदार सुस्कारा ऐकू येतो. विमान गेलंय हे कळतं, पण त्याने काही केलंय असं वाटत नाही.

पार्ल्यातले वयस्क लोक जुन्या विमानांबद्दल बोलतात तेव्हा आमच्यासारख्यांच्या पोटात दुखतं. १९६०मध्ये एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७०७ आलं. हिमालयातल्या शिखराच्या नावावरून त्याला ‘गौरीशंकर’ म्हणत. त्या पिढीतली विमानं उडाली की तावदानं थरथरायची, रेडिओवरच्या बातम्या बुडायच्या आणि मागे काळ्या धुराची रेघ राहायची. मग १९७१मध्ये जंबो आलं, ‘एम्परर अशोक’. त्याच जातीचं एअर इंडियाचं शेवटचं ७४७ २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला कायमचं निघालं. उडाल्यावर वैमानिकाने पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवले. त्या दृश्याचे व्हिडिओ बघून हळवी झालेली कित्येक माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या काहींचे डोळे स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभातही कोरडेच राहिले होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्यापेक्षा मोठी आहे. धावपट्टीच्या टोकाशी राहणाऱ्याने हा आवाज मागितलेला नसतो. त्याची परीक्षा असते, बाळ असतं, घरात आजारपण असतं. मुंबईची लांब पल्ल्याची जड विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर निघतात. म्हणजे आमची पर्वणी आणि शेजाऱ्याची झोपमोड एकाच घटकेला. लंडनच्या हीथ्रोला या भांडणावर एक टापटिपीचा तोडगा काढलाय. वारा पश्चिमेचा असला की एक धावपट्टी उतरायला, दुसरी उडायला, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल. त्यामुळे प्रत्येक वस्तीला अर्धा दिवस शांतता मिळते. तीनच्या ठोक्याला एका गल्लीतले लोक खिडक्या उघडतात आणि त्याच गल्लीतले विमानवेडे घडीच्या खुर्च्या आवरून दुसऱ्या गल्लीकडे निघतात. एकच घड्याळ, दोघांनाही सोयीचं. आमच्या घरात असा तोडगा निघालेला नाही. रात्री दोन वाजता मी गॅलरीत उभा असलो की आतून आवाज येतो, ‘अहो, गेलं ते. आता तुम्ही पण या.’

घराबाहेर हा छंद समजावून सांगणं त्याहून कठीण. एकदा संध्याकाळी हायवेच्या कडेला उभा असताना एका हवालदारांनी हटकलं.

‘काका, कुणी यायचंय का?’

‘नाही.’

‘मग कुणाला सोडायला आलात?’

‘नाही हो. विमान उडताना बघतोय.’

‘कुठलं?’

‘कुठलंही.’

या उत्तराने त्यांचा संशय वाढला. आकडेवाल्यांचं ग्रीसमध्ये काय झालं ते मला आठवू लागलं. तेवढ्यात एक मोठं धूड धावत आलं, नाक उचललं आणि आमच्या डोक्यावरून समुद्राकडे गेलं. आवाज ओसरेपर्यंत दोघंही माना वर करून गप्प. मग ते म्हणाले, ‘हे इमिरेट्सचं दुमजली होतं ना? रोज याच टायमाला जातं. आज दहा मिनिटं लेट.’

बघणारा माणूस गणवेशातही असतो. मात्र तो विमानात सहसा नसतो. टेक-ऑफच्या अर्ध्या मिनिटात आत काय चाललेलं असतं ते आठवून बघा. खिडकीजवळचा मोबाइलमध्ये, मधला झोपेच्या तयारीत, कडेचा समोरच्या खिशातलं खाद्यपदार्थांचं कार्ड वाचतोय. जमिनीवर चालायला जन्मलेली शेकडो माणसं तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या वेगाने वर उचलली जात असतात आणि त्यांना त्याची दखल घ्यायलाही सवड नसते. त्यांचा दोष नाही. विमान कंपन्यांनी, अभियंत्यांनी, वैमानिकांनी मिळून उड्डाण इतकं सुरक्षित आणि इतकं मऊ करून टाकलंय की त्यात अवघड काही असेल अशी शंकाही येत नाही. जुना आवाज ही त्या अवघडपणाची पावती होती. कुणीतरी जिवापाड ओझं उचलतंय हे अर्ध्या शहराला कळायचं. आता ओझं तेवढंच आहे, किंबहुना वाढलंय. पावती मिळेनाशी झाली आहे. म्हणून आम्ही कान देऊन उभे असतो. आम्हाला गोंगाट आवडतो असं नाही, कष्ट ऐकायला आवडतात. दिवाळीतल्या फटाक्यांना आम्हीही शिव्या देतो.

पूर्वी सांताक्रूझला तिकीट काढून वर गॅलरीत जाता यायचं आणि तिथून विमानं बघता यायची. मुलांना खांद्यावर घेऊन माणसं यायची. पुढे जगभर विमानांचं अपहरण सुरू झालं, सुरक्षा कडक झाली आणि असली चैन बंद पडली. जपानमध्ये टोकियोच्या हानेडा विमानतळावर मात्र आजही गच्चीवर फुकट उभं राहता येतं. आजोबा, नातवंडं, कॅमेरेवाले, सगळे एका रांगेत.

आपल्याकडेही नवे विमानतळ होताहेत, संगमरवर चकाकतोय, दुकानांच्या रांगा लागताहेत. त्यांच्या व्यवस्थापनांना आमची एक धंद्याची सूचना आहे. कोपऱ्यात एक गच्ची ठेवा आणि तिकीट लावा. आम्ही ते घेऊ, चहाही महाग दरातला पिऊ. आमच्यासारखं गिऱ्हाईक तुम्हाला मिळायचं नाही. आमचं सामान हरवत नाही, खिडकीच्या जागेवरून आम्ही भांडत नाही, आणि विमानाला दोन तास उशीर झाला की आम्ही तक्रारवही मागत नाही, आणखी एक चहा मागवतो.