इंटरमिजिएटला ए ग्रेड

तुम्ही त्यांना काही विचारलेलं नसतं. गप्पा उसाच्या दरावर चाललेल्या असतात, नाहीतर कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनवर. तरी बोलण्यात कुठेतरी फट सापडते आणि ते सांगून टाकतात, "तसं आपलं ड्रॉइंग चांगलं होतं बरं का. इंटरमिजिएटला ए ग्रेड!"

साताऱ्यात आणि सांगलीत हे गृहस्थ दर दोन-तीन गल्ल्यांआड एक तरी सापडतात. कुणी जिल्हा परिषदेतून निवृत्त, कुणी बँकेतून, कुणी वीज मंडळातून. शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ते देऊन बसले. घरातल्या कॅलेंडरवरच्या मुळगावकरांच्या देवांवर चौकोन पाडून त्यांनी ते देव मोठे केले, दिवाळी अंकांवरची दलालांची मुखपृष्ठं उतरवली. मग वडिलांनी सायन्सला घातलं. तिथून पुढे चाळीस वर्षं पेन्सिल कानावर होती, ती टोटल मारण्यापुरती. आता पेन्शन सुरू झाली आहे, मुलगा पुण्यात हिंजवडीला आहे, आणि गृहस्थांनी जाहीर केलं आहे की उद्यापासून रोज एक चित्र.

हा 'उद्या' येण्याआधी खरेदी येते. शाळेत एक एचबी पेन्सिल, एक खोडरबर आणि कॅमलची रंगपेटी एवढ्यावर ए ग्रेड मिळाली होती. आता टू-बीपासून एट-बीपर्यंत सगळ्या पेन्सिली हव्यात, आणि त्या क्रमानं लावून ठेवायला खण पाडलेली पेटी हवी. सांगलीकर त्यासाठी कोल्हापूर गाठतात, सातारकर पुणे. जलरंगाचा तीनशे जीएसएमचा निव्वळ कापसाचा कागद येतो. त्याची किंमत घरी निम्मी सांगितली जाते, आणि तो कपाटात साड्यांखाली सपाट राहतो म्हणून तिथे ठेवला जातो. त्यावर काढायचं चांगलं चित्र. तोवर सराव पाठकोऱ्या कागदांवर. ऑफिसच्या जुन्या परिपत्रकांच्या पाठी, लग्नपत्रिकांचे आतले कोरे भाग, विजेच्या बिलांची मागची बाजू. म्हणजे कपाटातला कागद कोराच राहतो आणि बिल भरायच्या दिवशी घरात शोधाशोध होते.

सराव मात्र खरा असतो, हे मान्य केलं पाहिजे. पहाटे सहाला चहाच्या आधी उभ्या रेघा, आडव्या रेघा, हात न टेकता वर्तुळं. वर्तुळाचं वांगं होतं, तेव्हा ते वांगंच काढायला घेतात. वस्तुचित्राचा नियम त्यांना अजून पाठ आहे: उजेड डावीकडून, सावली उजवीकडे, मागे कापडाला तीन चुण्या, शेजारी तांब्या. सांगलीकर असतील तर वांगं अर्थातच कृष्णाकाठचं. अडचण एवढीच, की त्या वांग्यावर स्वयंपाकघराचाही हक्क असतो. सकाळी देठ आणि बाह्यरेषा होते, दुपारी सावली करायची असते, आणि मध्ये भरीत होतं.

"अहो, दुसरं घ्या की. बुट्टीत चार आहेत."

"अगं, त्याचा उजेड वेगळा होता."

स्मरणचित्र हा त्याहून नाजूक विषय. आठवडी बाजार, पाणवठा, एसटी स्टँड असे परीक्षेतले विषय ते आजही उत्साहानं घेतात. पण माणसाचे हात काढणं ही जगातली अत्यंत अवघड गोष्ट आहे आणि त्याखालोखाल पावलं. त्यामुळे त्यांच्या बाजारातले सगळे शेतकरी हात मागे बांधून उभे असतात आणि सगळा बाजार घोटाभर गवतात भरतो. पाणवठ्यावरच्या बायका पाठमोऱ्या असतात, कारण चेहरे. एकदा नातवानं विचारलं, "आजोबा, हे सगळे कुणावर रुसलेत?"

दोन्ही गावांच्या सरावात मात्र फरक आहे. सातारकरासमोर अजिंक्यतारा उभाच असतो. गच्चीत गेलं की डोंगर, खिडकी उघडली की डोंगर. माथा सपाट, त्यामुळे पट्टी लावायचा मोह होतो. मुख्य प्रश्न उरतो किल्ल्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा. मनोरा काढला तर इतिहास बिघडतो, न काढला तर चित्र खोटं. या प्रश्नावर राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर दोन तट पडलेले आहेत, आणि तिसरा एक जण दोन्ही मतांच्या लोकांना भेट देता यावी म्हणून मनोरा पुसट काढतो. कासला फुलं आली की हेच लोक रंगपेट्या घेऊन वर जातात आणि गर्दी, धुकं आणि पाऊस यांतून भिजलेले, कोरे कागद घेऊन खाली येतात.

सांगलीकराच्या नशिबी डोंगर नाही. त्याला नदी, घाट, गणपतीचं देऊळ आणि आयर्विन पूल. पूल 1929 सालचा, दगडी कमानींचा, आणि काढायला इतका देखणा की माणूस फसतो. पहिली कमान झोकात येते. दुसरी जरा बसते. पुढे कागद संपत येतो आणि पूल मात्र संपत नाही. मग उरलेल्या कमानी शेवटच्या दोन इंचांत एकमेकींना चिकटून नदी ओलांडतात. दर रविवारी कमानींचा आकडा वेगळा येतो. "पर्स्पेक्टिव्ह आहे ते," असं त्यावर उत्तर असतं. त्यात चूक काहीच नाही, फक्त पर्स्पेक्टिव्ह रविवारागणिक बदलू नये.

या मंडळींचं तीर्थक्षेत्र म्हणजे औंध. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी रामायण चित्रांतून मांडलं, रोज सूर्यनमस्कार घातले, साऱ्या संस्थानाला घालायला लावले आणि 1938 साली चित्रं-शिल्पांचं संग्रहालय उभं केलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. मूरच्या त्या आईसमोर आमचे गृहस्थ बराच वेळ उभे राहतात, आणि बोटांचा तपशील न दाखवताही माणूस जगप्रसिद्ध होतो हे पाहून त्यांना फार धीर येतो. परतीच्या एसटीत ते पत्नीला ऐकवतात, "बघ, पंत राज्यकारभार सांभाळून रोज चित्र काढायचे."

"त्यांच्याकडे संस्थान होतं," ती म्हणते. "पिशवी धरायला माणसं होती."

कधी व्हॉट्सॲपवर होकुसाई येतो. जपानचा हा थोर चित्रकार पंच्याहत्तरीच्या सुमारास लिहून गेला, की सत्तरीच्या आधी आपण काढलेल्यात दखल घेण्याजोगं काही नाही. हे वाचून आमच्या चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांना गहिवरून येतं. हातात अजून सहा वर्षं आहेत! त्याच लिखाणात होकुसाई असंही सांगतो की आपण सहाव्या वर्षापासून काढत आलो आहोत, आणि मधली पस्तीस वर्षं तो कर्जवसुलीला नव्हता. पण हे कुणी बोलून दाखवत नाही.

मला विचाराल तर त्यांची खरी झुंज होकुसाईशीही नाही आणि पंतांशीही नाही. ती आहे अर्ध्या चड्डीतल्या एका पंधरा वर्षांच्या पोराशी. ते प्रशस्तिपत्रक प्लास्टिकच्या फाइलीत अजून जपलेलं आहे. त्या पोराचा तांब्या गोल होता, रेघ न थरथरता जायची. हल्ली तर म्हणे ए ग्रेडला दहावीत सात गुण जास्तीचे मिळतात. "आमच्या वेळी नुसती ग्रेड," ते कडवटपणे म्हणतात. रोज सकाळी ते वही उघडतात ती त्या पोराला हरवायला, आणि रोज पोर जिंकतं. घरात कुणी चित्राला नावं ठेवली तर त्यांना राग येत नाही. "छान आहे की," असं म्हटलं तर येतो, कारण छान कशाला म्हणतात हे त्यांना फाइलीत पाहिलेलं आठवतं.

घराबाहेर पडलं की मात्र ते पोर मागे राहतं, कारण तिथे त्यांना चित्रकार म्हणून कुणी ओळखतच नाही. आपल्याकडे उघड्यावर वही घेऊन उभा राहिलेला माणूस सरकारी असतो. सांगलीत ऑगस्टमध्ये पुलावर पाणी बघायला गर्दी होते, तेव्हा स्केचबुकवाल्याभोवती हमखास घोळका जमतो. "साहेब, किती फुटांवर आलंय? पंचेचाळीसला टेकंल काय?" पंचेचाळीस फूट ही तिथली धोक्याची पातळी. सुरुवातीला ते खुलासा करत. आता आकडा पाठ करूनच घरून निघतात. लिंबची बारा मोटेची विहीर काढायला बसले, तर गावातल्या एकानं दुरुस्तीचा निधी कधी येणार ते विचारलं. ती विहीर अष्टकोनी आहे. भूमितीच्या पेपरात अष्टकोन बिनचूक काढलेल्या या माणसानं त्या दिवशी तिला नऊ बाजू काढल्या, आणि निधीचं विचारणारा म्हणाला, "वाढीव काम दिसतंय."

वाईच्या एका गल्लीत तर कमालच झाली. जुना वाडा, लाकडी कोरीव खांब, वर एक झुकलेली खिडकी. गृहस्थ समोरच्या ओट्यावर बसले, अंगठा उगारून, एक डोळा मिटून खांब मोजू लागले. पाच मिनिटांत वाड्याचे मालक बनियनवर बाहेर आले.

"रुंदीकरणात किती जातंय?"

"छे हो, मी चित्र काढतोय."

"हां, म्हणजे आधी चित्र काढून नेणार," मालक जाणत्या स्वरात म्हणाले आणि आत चहा सांगून आले. मग शेजारी बसून एकेक रेघ तपासू लागले. जोतं एवढं पुढे नाही. खांब चार आहेत, तुम्ही पाच घेतलेत, पाच कशाला, नंतर भानगड नको. गृहस्थांनी एक खांब खोडला. पायऱ्या गटाराच्या अलीकडे घ्या. त्यांनी घेतल्या. खिडकी जरा सरळ करायचं मालकांनी सुचवलं, तेव्हा मात्र ते अडले. झुकलेलीच हवी, त्यातच गंमत आहे, असं ठामपणे म्हणाले. मालकांनी खिडकीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि ते मान्य केलं.

चहा झाला. मालक वाकून हळूच म्हणाले, "साहेब, तेवढा वरचा पत्रा नका दाखवू. त्याची परवानगी नाही."

त्यांनी पत्रा खोडला. आणि खरं सांगायचं तर त्यानं चित्राला उठाव आला.